मानमोडी ते बर्ड फ्लू : मार्गशीर्ष ते शिमगा कोंबड्या का कोंडायच्या?



भात झोडून झालं की आपल्या मावळात कोंबड्यांची चंगळ असते. खळ्यावर सांडलेलं भात, खाचरातले किडे, पेंढ्याच्या उडवीखालच्या अळ्या. दिवसभर उकरायचं आणि तिन्हीसांजेला आपसूक खुराड्यात यायचं. नेमक्या याच दिवसांत पवना, वळवण, शिरवता, वडिवळे या पाण्यांवर थंडीची पाहुणी बदकं उतरलेली असतात आणि खाचरात बगळे, ढोकऱ्या आणि कावळे फिरत असतात. एका खाचरात सगळ्यांची पंगत.

मग कुठून तरी बर्ड फ्लूची बातमी येते आणि गावात एकच सवाल निघतो. "पोल्ट्रीवाल्यांचा रोग तो. आपली गावठी कोंबडी काटक, तिला काय होतंय? कोंडायची कशाला?" सवाल रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी हा रोग आपल्या महाराष्ट्रात कसा, कुठे आणि कोणत्या महिन्यांत आला ते बघू. त्यातच उत्तर आहे.

सुरुवात एका जुन्या शब्दापासून करतो. मानमोडी. आपल्याकडे कोंबड्या मान टाकून पटापट मरायला लागल्या की म्हातारी माणसं म्हणायची, मानमोडी आली. १९१८ साली माणसांत इन्फ्लुएन्झाची जी मोठी साथ आली, तिलाही महाराष्ट्रात मानमोडीच म्हणत. माणसाचा फ्लू आणि कोंबडीचं मरण, दोन्हीला एकच नाव. गंमत अशी, की १९१८ च्या त्या विषाणूची जनुकं पक्ष्यांतल्या फ्लूच्या विषाणूशी मिळतीजुळती होती, असं पुढे शास्त्रज्ञांनी दाखवलं. आपल्या माणसांनी ते ओळखून नाव ठेवलं असं मी म्हणत नाही. पण जोड जमली खरी.

कोंबड्यांची मानमोडी म्हणजे मात्र बहुतेक वेळा राणीखेत. १९२६ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलला हा रोग सापडला. लगेच पुढे आपल्या कुमाऊँतल्या राणीखेत गावी आढळला आणि भारतात त्याला तेच नाव पडलं. त्याची लस आली, सरकारी दवाखान्यात मिळायला लागली. बर्ड फ्लू हा त्याच्याही आधीपासून माहीत असलेला रोग आहे. १८७८ साली इटलीत त्याची नोंद झाली. तेव्हा त्याला कोंबड्यांचा प्लेग म्हणायचे. हा इन्फ्लुएन्झाचाच विषाणू आहे हे कळायला १९५५ साल उजाडलं.

दोन्ही रोग दिसायला भाऊ-भाऊ. कोंबडी सुस्त होते, खाणं सोडते, हगवण लागते, अंडी बंद होतात आणि मरते. बर्ड फ्लूत तुरा आणि गलोल काळेनिळे पडतात, डोकं सुजतं, पायावर रक्त साकळल्यासारखे डाग दिसतात. कधी कधी काहीच दिसत नाही, सकाळी खुराडं उघडलं की नुसती मेलेली सापडतात. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणं डॉक्टरलाही अवघड जातं. नाव जुनं आणि रोग नवा, हीच गोष्ट पुढे महागात पडली.

आता ज्या एच-५-एन-१ चं नाव आपण ऐकतो त्याचा माग १९९६ पर्यंत जातो. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळलेल्या हंसात तो सापडला. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसांना झाला, ६ दगावली. तिथल्या सरकारने शहरातल्या झाडून सगळ्या कोंबड्या मारल्या. २००३-०४ मध्ये तो व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया असा पसरला.

थायलंडची गोष्ट भातकऱ्याने नीट ऐकावी. तिथे भात काढलं की हजारो बदकं खाचरात सोडायची रीत होती. सांडलेला दाणा आणि गोगलगायी खात कळप या गावातून त्या गावात जायचे. जिथे भात जास्त आणि अशी मोकळी बदकं जास्त, तिथेच रोग जास्त, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. बदकं स्वतः फारशी आजारी न दिसता विषाणू बाहेर टाकत राहतात. सरकारला त्या मोकळ्या चराईवर बंधनं घालावी लागली. आपल्याकडे केरळात कुट्टनाडच्या भातशेतीत असेच बदकांचे कळप फिरतात. २०१४ च्या नोव्हेंबरात तिथे बर्ड फ्लू आला आणि लाखो बदकं मारावी लागली. म्हणजे पाणी, भात आणि पंखांचं पाखरू एकत्र आलं की या रोगाला रान मोकळं.

२००५ च्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर रानपक्षी हजारोंनी मेले. त्यात मोठा भाग पट्टकादंब हंसांचा होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून थंडीत भारतात येतो. आपल्या पुणे जिल्ह्यात भिगवणला, उजनीच्या पाण्यावर लोक तो बघायला जातात. तोपर्यंत हा रोग पाळीव पक्ष्यांचा मानत. आता तो रानपक्ष्यांच्या अंगावर बसून देश ओलांडायला लागला. त्याच वर्षी रशिया, तुर्कस्तान, रुमानिया आणि २००६ च्या फेब्रुवारीत भारत.

भारतात पहिलं नाव लागलं ते आपल्याच महाराष्ट्राचं. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. मोठमोठी अंड्यांची पोल्ट्री असलेला भाग. कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा सुरुवातीला राणीखेतच समजलं गेलं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं, की हा एच-५-एन-१ आहे. मग ३ किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या. शेजारी गुजरातच्या उच्छलमध्येही तेच. माणसांचे नमुने तपासले, सुदैवाने कुणाला लागण निघाली नाही. पण बाजार बसला. चिकन कुणी घेईना. नवापूरपासून शेकडो किलोमीटरवरच्या, ज्याच्या शेडात शिंकही आली नव्हती अशा शेतकऱ्यालाही माल मातीमोल विकावा लागला.

इथपर्यंत ही पोल्ट्रीवाल्यांची गोष्ट. पुढचं पान आपलं आहे आणि तेच लोक विसरतात.

नवापूरनंतर महिना झाला नाही तोच, होळीच्या सुमारास, मार्च २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यात रोग निघाला. हातेड, मारूळ, सावदा ही गावं. तिथे मोठी शेडं नव्हती. परसातल्या, दारात फिरणाऱ्या कोंबड्या होत्या. म्हणजे 'गावठीला होत नाही' हे वाक्य भारतात बर्ड फ्लू येऊन महिना व्हायच्या आतच खोटं ठरलं. तिन्ही राज्यं मिळून त्या साथीत दहा लाखांच्या आसपास कोंबड्या गेल्या.

दोन वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, पश्चिम बंगालात बीरभूमपासून सुरुवात झाली. तिथे तर जवळजवळ सगळा धंदा परसातलाच. घरटी पाच-दहा कोंबड्या, दोन-चार बदकं, तळं एकच. चाळीस लाखांहून जास्त पक्षी मारावे लागले. शेड एक असलं तर कुलूप घालता येतं. परसातली कोंबडी हजार दारांत विखुरलेली, तिला आवरणं सरकारच्याही हाताबाहेर जातं.

मग २०२१. त्याआधी डिसेंबर अखेरीस हिमाचलच्या पोंग धरणावर पाहुणे पक्षी हजारोंनी मेले, त्यात पुन्हा पट्टकादंबच जास्त. जानेवारीत आपल्याकडे परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि अहवाल बर्ड फ्लूचा आला. त्याच आठवड्यात मुंबई, ठाणे, दापोली, बीड इथल्या मेलेल्या पक्ष्यांचे नमुनेही बाधित निघाले, त्यात कावळे होते. लोण आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यापर्यंत आलं. फेब्रुवारीत पुन्हा नवापूर, बरोबर पंधरा वर्षांनी, त्याच महिन्यात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातलं वेहळोली. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या उदगीरला कावळे पटापट पडले, आणि घाटाखाली उरण तालुक्यात, जंगल सत्याग्रहाच्या चिरनेरला घरगुती कोंबड्यांत रोग निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले.

आता हे महिने एकाखाली एक मांडा. फेब्रुवारी, मार्च, जानेवारी, फेब्रुवारी, फेब्रुवारी, जानेवारी. मराठी महिन्यांत मार्गशीर्ष ते फाल्गुन. याला कारणं आहेत. पाहुणे पक्षी याच दिवसांत मुक्कामाला असतात. आणि थंडी विषाणूला मानवते. विष्ठेत हा विषाणू ४ अंश तापमानाला ३५ दिवस टिकतो, ३७ अंशाला ६ दिवसांत संपतो. थंड पाण्यातही तो बराच काळ जगतो. आपल्या लोणावळा-मावळची थंडी आणि धरणांचं गार पाणी लक्षात घ्या. आणि आपण कोंबड्या खाचरात मोकळ्या सोडतो तोही हाच हंगाम. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत. मार्गशीर्ष लागला की कोंबडी आवारात, शिमगा झाला की मोकळी. शिमग्यानंतरही आसपास साथ चालू असेल तर तोपर्यंत आवारातच.

इथे एक गोष्ट रानपक्ष्यांच्या बाजूने सांगतो. सगळा दोष त्यांचा नाही. हा रोग माणसाच्या चपलेवरून, अंड्याच्या ट्रेवरून, टेंपोच्या चाकावरून, बाजारातून आणलेल्या पिंजऱ्यावरूनही जातो. बगळा आपल्या खाचरातल्या अळ्या खातो, तो आपला बिनपगारी गडी आहे. त्याला विष घालणं, बगळ्यांची घरटी असलेली झाडं तोडणं हा उपाय नाही. घरटी मोडली की पक्षी विखुरतात आणि रोग असलाच तर चार गावांत नेतात. पक्ष्याला हाकलायचं नाही, आपल्या कोंबडीला त्याच्या ताटावरून उठवायचं, एवढंच.

कोंबडी आणि रानपक्षी भेटतात त्या जागा तीनच. पाणी, दाणा आणि विष्ठा. त्या तोडल्या की बरंच काम झालं.

१) पाणी. धरणाचं, ओढ्याचं, खाचरात साचलेलं पाणी या दिवसांत कोंबड्यांना नको. नळाचं किंवा बोअरचं पाणी, तेही छपराखाली ठेवायचं. उघड्या डबक्यावर सकाळी बगळा, दुपारी कोंबडी, असं होऊ द्यायचं नाही.

२) दाणा. अंगणात मूठभर तांदूळ फेकून "या या" करायची सवय या तीन-चार महिन्यांपुरती सोडायची. दाणा आत, भांड्यात, खाऊन होईल एवढाच. खरकटं उघड्यावर टाकलं की कावळा आलाच.

३) विष्ठा. आवार झाडाखाली असेल तर वरून बगळ्या-कावळ्यांची विष्ठा पडते. बाजूला जाळी चालते, मासेमारीचं जुनं जाळंही चालतं, पण वर पत्रा किंवा ताडपत्रीच पाहिजे. नुसत्या जाळीतून पक्षी आत येत नाही, घाण येते. बाजूची जाळी चिमणी शिरणार नाही एवढी बारीक हवी.

४) चप्पल. खुराड्यासाठी वेगळी चप्पल ठेवा. धरणावरून, बाजारातून, दुसऱ्याच्या पोल्ट्रीवरून आलं की तीच चप्पल घेऊन आत जायचं नाही. दाराशी चुना टाका.

५) नवीन कोंबडी. बाजारातली किंवा पाहुण्याने दिलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी. बदकं पाळली असतील तर ती कोंबड्यांत मिसळू नका.

हे शेवटचं आपल्याला जास्त लागू आहे. चैत्रात एकवीरा आईच्या यात्रेला उरण, पनवेल, अलिबागपासून आगरी-कोळी भाविक कार्ल्याला येतात. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे ती. कुणी नवसाचं कोंबडं घेऊन येतो. श्रद्धेला माझा हात नाही. एवढंच सांगणं, की ज्या वर्षी घाटाखाली साथ असेल त्या वर्षी खालून आलेलं कोंबडं आपल्या खुराड्यात मुक्कामाला ठेवू नका, आणि त्याची पिसं-आतडी उघड्यावर कावळ्यांना मिळू देऊ नका.

आता खर्चाचं बोलू, कारण खरी अडचण तीच आहे. गावठी कोंबडी परवडते ती चरून खाते म्हणून. कोंडली की दाणा विकत. दहा कोंबड्यांना दिवसाला पाऊण ते एक किलो खाद्य लागतं. पण हे दिवस म्हणजे आपल्याच घरात भात भरडायचे दिवस. कणी आहे, कोंडा आहे. त्यात थोडा मका किंवा तयार खाद्य, वर मेथी-कोथिंबिरीची देठं, पाट्याखालची गांडुळं-अळ्या, जमलं तर ॲझोला. अंडी थोडी कमी होतील. रात्रीच्या खुराड्यात कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट आणि दिवसा बसायला-उकरायला त्याहून मोठं झाकलेलं आवार दिलं, राखेचा ढीग दिला, तर एकमेकींना टोचत नाहीत.

उलट बाजूचा हिशेबही मांडा. २०२१ साली मारलेल्या पक्ष्यांची भरपाई होती अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये, ब्रॉयलरला ७०, पिल्लाला २० आणि अंड्याला ३ रुपये. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. गावठी कोंबडी बाजारात काय भावाने जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि ही भरपाई सरकारी पथकाने मारलेल्या कोंबडीची. आधीच मेलेलीचे काही मिळत नाही. म्हणजे लपवून ठेवलं तर मेलेलीही गेली आणि पैसेही गेले.

शिवाय नियम असा, की बाधित जागेपासून १ किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारायचे आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत. आपल्या मावळात कितीतरी पोरांनी कर्ज काढून करारावरची ब्रॉयलर शेडं टाकलीत. माझ्या दहा कोंबड्यांतून रोग निघाला तर शेजाऱ्याच्या पाच हजारांचं शेड रिकामं होतं. आणि परसातल्या कोंबड्या असतात त्या बहुतेक घरातल्या बाईच्या. पोरांच्या वह्या, बाजारहाट, अडीनडीचा पैसा त्यातून निघतो. एका रात्रीत तो थांबतो. चार महिन्यांच्या कण्या-कोंड्यापेक्षा हा तोटा फार मोठा आहे.

अतिघातक बर्ड फ्लूची लस आपल्याकडे कोंबड्यांना देत नाहीत. राणीखेतची मात्र जरूर द्या. तिने बर्ड फ्लू थांबत नाही, पण एक उपयोग होतो. लस दिलेल्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर "मानमोडी असेल" म्हणून गप्प बसायला जागा उरत नाही. नवापूरला आधी राणीखेत वाटलं होतं, ते आठवा.

अशी मर दिसली, किंवा दोन-चार कावळे-बगळे एकाच जागी मेलेले दिसले, तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा. कोंबडी ओढ्यात टाकू नका, कापून वाटू नका, घाईने विकून टाकू नका. ग्रामपंचायतीला आणि गुरांच्या दवाखान्यात कळवा, १९६२ वर फोन करा. २००९ च्या कायद्याप्रमाणे हे कळवणं मालकाचं कर्तव्यच आहे. नमुने पुण्यात औंधला आणि तिथून भोपाळला जातात. निदान तिथे होतं, आपल्या ओट्यावर नाही.

आणि घाबरून खाणं सोडू नका. नीट शिजवलेल्या मांसात, उकडलेल्या अंड्यात हा विषाणू राहत नाही. जोखीम आहे ती आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, सोलणाऱ्याला आणि कच्चं खाणाऱ्याला.

इंग्लंड, हॉलंडसारख्या देशांत साथ आली की सरकार हुकूम काढतं आणि दोन कोंबड्या पाळणाऱ्यालाही त्या आत ठेवाव्या लागतात. आपल्याकडे प्रत्येक परसात हुकूम पोचणार नाही. आपल्याला तिथीच पुरेशी आहे. मार्गशीर्षात महिलामंडळी गुरुवारचा घट मांडतात, त्याच दिवशी खुराड्याची जाळी तपासा आणि वर ताडपत्री बांधा. होळी पेटली, आसपास शांत असलं, की सोडा कोंबड्या उकिरड्यावर.

वाड्या-वस्त्यांवर ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना हे वाचून दाखवा. आपली जाळी कितीही चांगली असली तरी शेजारच्या परसातली कोंबडी खाचरात असेल तर उपयोग निम्माच.

राम राम.